उशिरा भरणारे पारडे : कंबरदुखी आणि वेदनाशामकांचा इतिहास

मराठीतील कंबरेविषयीचे वाक्प्रचार आठवून पाहिले, तर ते जवळजवळ सगळे कष्टाशी जोडलेले आढळतात. संकट आले की कंबर कसावी लागते, घरात कार्य निघाले की कंबर बांधून उभे राहावे लागते, महागाईने कंबर मोडते आणि फार राबल्यावर कंबरेचा काटा ढिला होतो. विश्रांतीसाठी आपण पाठ टेकतो. कंबरेच्या वाट्याला मात्र भाषेने श्रमच दिले आहेत. म्हणूनच की काय, कंबर दुखू लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न 'कशाने दुखते?' हा नसतो, तर 'आता कामाचे कसे होणार?' हा असतो. या दुसऱ्या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी जी औषधी उत्तरे दिली, त्यांचा थोडासा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

या विषयाकडे मी वळले ती अभ्यासक म्हणून नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. मी डोंबिवलीत राहते आणि ठाण्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. गेली सहा वर्षे माझी कंबर दुखते. लोकलमध्ये 'चौथी सीट' नावाचा जो प्रकार असतो, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धे अंग बाहेर ठेवून बसायचे, तो मिळाला तर भाग्य, नाहीतर उभेच. या सहा वर्षांत तीन डॉक्टरांनी मला तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. एकीत सूज उतरवणारी गोळी होती, दुसरीत मज्जातंतूंवर काम करणारी आणि तिसरीत अफूच्या कुळातली. यांपैकी कोणती घ्यावी आणि किती काळ घ्यावी, याचा निर्णय शेवटी मलाच करावा लागणार होता.

तो मला सोपा गेला नाही, कारण माझे वडील. तीस वर्षे त्यांनी डोंबिवली ते व्ही.टी. असा प्रवास केला. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात रेल्वेच्या पासाशेजारी गोळ्यांची एक पट्टी कायम असे. सकाळी गाडी पकडण्यापूर्वी एक गोळी, दुपारी डब्यानंतर दुसरी. कोपऱ्यावरचा औषधविक्रेता चिठ्ठी मागत नसे आणि वडिलांनाही त्यात वावगे वाटत नसे. निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले. त्यांना रक्तदाबाचाही विकार होता, त्यामुळे दोष गोळ्यांचाच असे कोणत्याही डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितले नाही. सांगता येणे शक्यही नव्हते. डायलिसिसच्या खुर्चीवर ते एकदा म्हणाले होते, 'त्या वेळी कंबर थांबायची, एवढंच ठाऊक होतं.' हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

असो. मूळ विषयाकडे येऊ.

कंबरदुखीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. अचानक भरते ती उसण, क्षणात येऊन जाते ती चमक, पायापर्यंत उतरते ती सणक, रात्रभर चालतो तो ठणका. उपचारही तितकेच होते. विटकरीचा शेक, निरगुडीच्या पाल्याचा लेप, एरंडेलाचे मालीश, आणि उसण भरली असेल तर पायाळू माणसाचा पाय. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने कंबरेला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत कोकणात आणि देशावर अनेक घरांत होती. आज आपण तिला हसतो. परंतु या उपायाने लोकांना बरे वाटत असे, ही गोष्ट खोटी नव्हती. कारण साधे आहे. अचानक भरलेली कंबर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरीचशी सुटते. त्या काळात जो उपाय शेवटी केला असेल, त्याला श्रेय मिळते. पायाळूच्या पायाला ते मिळाले, पुढे मलमाला मिळाले आणि नंतर गोळीला मिळाले. वेदनाशामकांचा इतिहास वाचताना ही पहिली अडचण ध्यानात ठेवावी लागते. तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या दुखण्याची गोष्ट मात्र निराळी असते, आणि या लेखाचा खरा विषय तेच दुखणे आहे.

आयुर्वेदाने या दुखण्याचे भेद केले होते. कंबरेत राहणारा तो कटिशूल. कंबरेतून मांडी-पोटरीत उतरणारी ती गृध्रसी. गिधाडासारखी चाल होते म्हणून हे नाव, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्यांचे जे पन्नास गण दिले आहेत, त्यांतील एकाचे नाव 'वेदनास्थापन' असे आहे. या दहा द्रव्यांमध्ये शिरीष, अशोक, कदंब यांच्यासोबत 'वंजुळ' येतो. वंजुळ म्हणजे वेतस, असे अनेक टीकाकार मानतात. आपल्याकडे नदीकाठी वाढणाऱ्या वेतसवर्गातील झाडाला मराठीत 'वाळुंज' म्हणतात. शब्दसाम्य म्हणजे पुरावा नव्हे, हे भाषेच्या अध्यापकाला तरी सांगायला नको. तरीही १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्लिश धर्मोपदेशकाने याच वर्गातील झाडाची साल ज्वरावर गुणकारी असल्याचे रॉयल सोसायटीला कळवले, आणि त्या सालीतील द्रव्याच्या शोधातून पुढे अ‍ॅस्पिरिनपर्यंतची वाट निघाली, हे आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरी वाट अफूची. अहिफेन या नावाने अफू मध्ययुगात आयुर्वेदात शिरली. शार्ङ्गधरसंहितेत तिचा उल्लेख आहे. मुंबईच्या इतिहासात तर ती औषधापेक्षा कितीतरी मोठी वस्तू होती. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारातून शहरात अनेक घराण्यांची संपत्ती उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीत कापसाबरोबर अफूचाही वाटा होता. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे.जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. व्यसनाच्या व्यापारातून आलेल्या पैशाने वेदनेचे निवारण करणारी संस्था उभी राहावी, यात विसंगती आहेच. पण तिचे सुख आजतागायत लाखो रुग्णांना मिळाले, हेही तितकेच खरे आहे.

श्रीमंतांकडे अफू रुपये होऊन आली, गिरणगावात ती 'बाळागोळी' होऊन आली. गिरणीत जाणारी आई तान्ह्या मुलाला अफूचा अंश असलेली गोळी चाटवून निजवत असे, म्हणजे ती परत येईपर्यंत मूल रडत नसे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या प्रथेची अधिकृत पाहणीही झाली. त्या आईला निर्दय म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिच्यापुढे दोन पर्याय होते : पाळी चुकवून मजुरी बुडवणे किंवा मुलाला निजवणे. गोळीची निवड वेदना पाहून झालेली नव्हती, भोंग्याची वेळ पाहून झालेली होती. हा मुद्दा पुढेही पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता कल्याणकडे वळू. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले आणि ती जबाबदारी त्यांना सांभाळता आली नाही. एक कल्पना करून पाहण्यासारखी आहे. आनंदीबाई कोल्हापुरात रुजू झाल्या असत्या आणि वर्षानुवर्षे कंबर दुखणारी एखादी बाई त्यांच्याकडे आली असती, तर त्यांच्या पेटीत काय असते? अफूचा अर्क आणि मॉर्फिन असते. स्कॉटलंडमधील टॉमस मॅक्लॅगन यांनी १८७६ मध्ये संधिवातासाठी प्रसिद्ध केलेले, वेतसाच्या सालीतील द्रव्य आणि त्याचे भाईबंद असते. जर्मनीतून नुकतेच आलेले अँटिपायरीन असते, आणि ज्या वर्षी त्या पदवीधर झाल्या त्याच वर्षी वैद्यकात आलेले अ‍ॅसिटॅनिलाइडही असू शकले असते. म्हणजे अफूपासून नव्या रसायनापर्यंतची सगळी रांग त्यांच्यापुढे असती. नसती ती एकच गोष्ट : या द्रव्यांपैकी कोणते वीस वर्षांनी काय करते, याची माहिती. ती तेव्हा जगात कोणाकडेच नव्हती. अ‍ॅसिटॅनिलाइड रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते, हे पुढे कळले.

१८८७ मध्ये बायर या जर्मन कंपनीने फेनासेटिन आणले. १८९६ मध्ये याच कंपनीने मुंबईत आपले बस्तान बसवले. तेव्हा तिचा मुख्य धंदा रंगांचा होता. ऑगस्ट १८९७ मध्ये तिच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन यांनी अ‍ॅस्पिरिन शुद्ध स्वरूपात तयार केले आणि त्याच महिन्यात हेरॉइनही. दोन्ही औषधे म्हणूनच बाजारात आली. त्या वेळी कोणते निर्धोक ठरेल, हे शीशीवरच्या चिठ्ठीवरून कळणे शक्य नव्हते. अ‍ॅस्पिरिन पोटाला लागते, हेही लगेच कळले नाही. १८९९ मध्ये ते विक्रीस आले आणि त्यामुळे जठराच्या अस्तरावर होणारी इजा दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहून नोंदवली गेली ती १९३८ मध्ये.

फेनासेटिनची गोष्ट अधिक बोलकी आहे. स्वीडनमधील हुस्कव्हार्ना या कारखान्याच्या गावात १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत योर्टन नावाच्या डॉक्टरांनी एक पूड दिली. तिच्यात फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफिन होते. साथ गेली, पूड राहिली. कारखान्यातील कामाचा वेग राखण्यासाठी कामगार ती रोज घेऊ लागले. अनेक वर्षांनी त्या गावात मूत्रपिंडे निकामी होऊन मरणाऱ्यांची संख्या नजरेत भरू लागली. १९६३ मध्ये ग्रिमलुंड यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच्या दहा वर्षे आधी, १९५३ मध्ये, स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी अशाच रुग्णांकडे लक्ष वेधले होते. पुढे भारतासह अनेक देशांनी फेनासेटिनवर बंदी घातली. हुस्कव्हार्नाचा वृत्तांत प्रथम वाचला तेव्हा मला सदऱ्याच्या खिशातली पट्टी आठवली. औषध निराळे होते, देश निराळा होता; गोळी घेण्याचे कारण तेच होते.

या साऱ्याशी ठाण्याचा संबंध केवळ रुग्णांपुरता नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रुळ कल्याणपर्यंत पोहोचले. घर एका गावी आणि पोट दुसऱ्या गावी, अशी जी जीवनरीत पुढे शतकभरात रूढ झाली, तिचा पाया तो. स्वातंत्र्यानंतर याच रुळांच्या आसपास औषधांचे आणि रसायनांचे कारखाने आले. मुलुंडला हेक्स्ट, भांडुपला सिबा, बाळकूमला रोश, कोलशेतला बायर. यांतील सर्वच ठिकाणी वेदनाशामके बनत होती असे नव्हे. कोलशेतचा कारखाना प्रामुख्याने शेतीच्या रसायनांचा होता. तरी ही नावे आमच्या पिढीच्या कानांवर गाडीच्या खिडकीतून आणि शेजाऱ्यांच्या नोकऱ्यांतून आली. आज त्या परिसरांत उंच निवासी इमारती उभ्या आहेत. १९७० च्या पेटंट कायद्याने, जो १९७२ पासून अमलात आला, औषधाच्या द्रव्यावरचे पेटंट रद्द करून केवळ प्रक्रियेवरचे ठेवले. त्यामुळे देशी कंपन्यांना तेच औषध निराळ्या पद्धतीने बनवता येऊ लागले आणि गोळी स्वस्त झाली. ही फार मोठी उपलब्धी होती, तिचे मोल कमी लेखू नये. परंतु स्वस्त झालेली गोळी चिठ्ठीवाचूनही मिळू लागली, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू होय.

पुढच्या अर्धशतकाचा क्रम थोडक्यात पाहू. हेक्स्टने १९२२ मध्ये बाजारात आणलेले मेटामिझोल, म्हणजे आपले अ‍ॅनाल्जिन, रक्तातील पांढऱ्या पेशी क्वचित धोकादायकरीत्या घटवते म्हणून स्वीडनने १९७४ मध्ये आणि अमेरिकेने १९७७ मध्ये बाजारातून काढले. भारतात २०१३ मध्ये त्यावर स्थगिती आली आणि २०१४ मध्ये ती अटींसह उठली. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये आयब्युप्रोफेन आले, १९७३ मध्ये सिबा-गायगीचे डायक्लोफेनॅक. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ही औषधे काम कशी करतात ते उलगडले. वेदना आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात तयार होतात, त्यांची निर्मिती ही औषधे रोखतात. मात्र हीच द्रव्ये जठराचे अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही राखतात. म्हणजे गुण आणि दोष ही दोन निरनिराळी खाती नव्हेत. एकाच क्रियेची ती दोन टोके आहेत.

मग जठराला न दुखावणारी गोळी शोधण्याचा प्रयत्न झाला. त्यातून 'कॉक्सिब' गटातील औषधे आली. १९९९ मध्ये रोफेकॉक्सिब आले, तेव्हा त्याचे स्वागत मोठ्या अपेक्षेने झाले. हृदयविकाराचा धोका वाढतो असे आढळल्यावर ३० सप्टेंबर २००४ रोजी उत्पादकाने ते जगभरातून मागे घेतले. भारतात त्याच वर्षी डिसेंबरात बंदी आली. पोट वाचवायला गेलो आणि हृदय दुखावले. 'रोगापेक्षा इलाज भयंकर' ही म्हण जुनी आहे, पण इलाज भयंकर आहे हे कळायला लागणारा वेळ तिच्यात सांगितलेला नाही.

डायक्लोफेनॅकचा दोष तर माणसाच्या शरीरात नव्हे, आकाशात दिसला. जनावरांच्या दुखण्यावर ते सर्रास दिले जाऊ लागले आणि मेलेली जनावरे खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. २००४ मध्ये संशोधकांनी हे कारण सिद्ध केले. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला. माणसांच्या इंजेक्शनाच्या मोठ्या बाटल्या तिकडे वळवल्या जात म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद झाल्या. मुंबईच्या डुंगरवाडीतील दोखम्यांवर गिधाडे उरली नाहीत आणि पारशी समाजाला अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या उपकरणांची मदत घ्यावी लागली. गृध्रसी या दुखण्याच्या नावातले गिधाड अशा रीतीने वेदनाशामकाच्या इतिहासात पुन्हा आले. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. पण धोका त्याच अवयवाला आहे, हेही खरे.

अफूच्या वाटेवर आपण दोन्ही टोकांना चुकलो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात कायदेशीर अफू पिकत असताना भारतातल्याच कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळेनासे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने ही कोंडी काही अंशी फोडली. उलट अमेरिकेत १९९० च्या दशकात अफूवर्गीय गोळ्या कंबरदुखीसारख्या दीर्घ दुखण्यांसाठीही मुक्तहस्ते दिल्या गेल्या आणि त्यातून व्यसनाचे व मृत्यूंचे महासंकट उभे राहिले. आपल्याकडे बराच काळ मोकळेपणाने मिळणारे ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले गेले. मरणासन्न रुग्णाच्या वेदनेला जे औषध वरदान आहे, तेच चाळिशीतल्या कंबरदुखीला वर्षानुवर्षे देणे घातक ठरू शकते. औषध एकच, प्रश्न कोणाला, कशासाठी आणि किती काळ, हा आहे.

आज आपल्या पुढ्यात काय आहे? पॅरासिटॅमॉल सर्वांत सौम्य मानले जाई, परंतु अचानक भरलेल्या कंबरेवर ते लुटुपुटीच्या गोळीहून अधिक उपयोगी नाही, असे ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणीने २०१४ मध्ये दाखवले. पायात उतरणाऱ्या सणकेसाठी दिले जाणारे प्रीगॅबॅलिन २०१७ मधील चाचणीत तसेच निष्प्रभ ठरले. अफूवर्गीय गोळीचेही २०२३ मध्ये तेच झाले. अमेरिकन तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शनात आधी औषधांविना उपाय, मग सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि त्यानंतर ड्युलॉक्सेटिन किंवा ट्रॅमाडॉल असा क्रम होता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये निश्चित कारण न सापडणाऱ्या दीर्घ कंबरदुखीसाठी जे मार्गदर्शन दिले, त्यात व्यायाम, दुखण्याविषयीचे शिक्षण आणि मानसिक आधार यांना आधीचे स्थान आहे. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांना जागा आहे, पण अफूवर्गीय गोळ्या सरसकट देऊ नयेत असे सांगितले आहे. कंबरेचे पट्टेही सरसकट वापरू नयेत, असेही त्यात आहे. थोडक्यात, प्रत्येक गोळीचा लाभ आपण समजतो त्याहून लहान आहे. त्यामुळे लहानसा धोकाही पारड्यात जड भरतो.

आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी कंबरदुखीची गोळी पुष्कळदा एक नसते. सूज उतरवणारे औषध, पॅरासिटॅमॉल आणि स्नायू सैल करणारे तिसरे काहीतरी, असे मिश्रण एकाच गोळीत असते. सरकारने २०१६ मध्ये ३४४ आणि २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदीचे आदेश काढले, तरी अनेक मिश्रणे बाजारात आहेत. पट्टीमागची बारीक अक्षरे न वाचता गोळी घेणारा माणूस नेमके काय तोलतो आहे, हे त्याला ठाऊकच नसते. माझ्या वडिलांनाही ते ठाऊक नव्हते.

मला या इतिहासातून जे उमगले ते असे. वेदनाशामकाचा लाभ अर्ध्या तासात आणि स्वतःच्या शरीरात कळतो. त्याचा अपाय वर्षांनी कळतो आणि तो बहुधा एकट्या माणसाला कळतच नाही. त्यासाठी पुष्कळ माणसांच्या नोंदी लागतात, गावाच्या मृत्युपुस्तकाकडे पाहणारा एखादा ग्रिमलुंड लागतो. म्हणजे तराजूचे एक पारडे लगेच भरते आणि दुसरे उशिरा. ज्याला फक्त आजची कंबर दिसते, त्याचा तोल अप्रामाणिक नसतो, अपुरा असतो. हे उशिराचे पारडे भरण्याचे दुसरे साधन आपल्याकडे नाही. आहे तो केवळ इतिहास. आपण वाङ्मयाचे लोक इतिहासाला बहुधा स्मृतीचे वैभव समजतो. येथे तो मूत्रपिंडाच्या उपयोगी पडतो.

वेदना सोसावी, गोळी घेऊच नये, असा अर्थ यातून कोणी काढू नये. सोसण्याचे कौतुक आपल्या संस्कृतीत आधीच पुष्कळ झाले आहे, आणि त्याचा भार बहुतेक वेळा बायकांनी वाहिला आहे. पायातली शक्ती कमी होणे, लघवीवरचा ताबा सुटणे, सोबत ताप येणे किंवा वजन घटणे, ही लक्षणे असतील तर सोसत बसणे हा अपराधच ठरेल. तेव्हा डॉक्टर तत्काळ गाठावा. पण जी गोळी आपण केवळ सकाळची गाडी चुकू नये म्हणून घेतो, तिच्याविषयी एक प्रश्न विचारायला हवा : हिने माझी वेदना शमते आहे की माझे वेळापत्रक सांभाळले जाते आहे? गिरणीतल्या आईला आणि हुस्कव्हार्नाच्या कामगाराला हा प्रश्न विचारण्याची सवड नव्हती. वडिलांनाही नव्हती. मला आहे, एवढाच फरक.

माझ्या निर्णयाविषयी सांगायचे, तर तो फार नाट्यमय नाही. तिन्ही चिठ्ठ्या घेऊन मी एकाच डॉक्टरांकडे गेले आणि वडिलांची हकिगत सांगितली. मूत्रपिंडाची तपासणी झाली. दुखणे फार वाढेल तेव्हा, मोजक्या दिवसांसाठी, सूज उतरवणारी साधी गोळी; एरवी रोजचा व्यायाम आणि चालणे, असे ठरले. अफूच्या कुळातली चिठ्ठी बाजूला ठेवली. महाविद्यालयात विनंती करून पहिला तास पुढे ढकलून घेतला, त्यामुळे गर्दी ओसरल्यावरची गाडी मिळते. सर्व उपायांत या शेवटच्याचा गुण मला सर्वाधिक आला असे वाटते. अर्थात पायाळूच्या पायाला श्रेय देणाऱ्यांनाही असेच वाटत असणार, याची जाणीव मला आहे.

कंबर अजून दुखते. कधीकधी ठाण्याच्या फलाटावर उभी असताना मी पर्समध्ये हात घालून पट्टी चाचपते. गोळी काढण्यापूर्वी महिनाभरात किती घेतल्या ते मोजते. वडिलांनी कधी मोजल्या नव्हत्या, आणि त्यांना मोजायला सांगणारे त्या वेळी घरात कोणी नव्हते. मीही होते, पण मला तेव्हा फक्त त्यांची कंबर थांबलेली दिसत असे.